सासऱ्यांच्या गळ्यातलं मंगळसूत्र

सासूबाईंच्या मानेत कॅन्सरची गाठ निघाली तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आमचं माहीम मुंबईतलं नव्हे, पानवेलींच्या वाड्यांचं; तिथल्या आमच्या आळीत मॅट्रिक झालेली सून मी एकटीच, त्यामुळे केळफुलापासून कॅन्सरपर्यंत सगळ्यातलं मला कळतं, अशी माझी पक्की समजूत.

मुंबईच्या इस्पितळात त्यांना शेक सुरू झाले. रेडिएशन हा शब्द कुणाच्या तोंडात बसत नव्हता, सगळे शेकच म्हणत. आठवडाभर तिथे नणंदेकडे राहून सासू-सासरे शनिवारी घरी येत, कारण शनिवार-रविवार शेकाला सुट्टी. मला वाटलं, हा निव्वळ सरकारी आळस! म्हणून पहिल्याच शनिवारी मी तव्यावर एरंडाचं पान तापवलं आणि तेलाची वाटी घेऊन हजर.

"काय गो, मला भाजून खातेस काय?" सासूबाई मागे सरकल्या.

"खंड नको पडायला, आई. शेक म्हणजे शेक!"

सासरे ओट्यावरून धावत आले. नर्सबाईंनी त्यांना बजावलं होतं: हा शेक यंत्राचा, विस्तवाचा नव्हे. मानेला तेल, हळद, साबण काही लावायचं नाही, यंत्राचा नेम धरायला काढलेल्या जांभळ्या शाईच्या खुणा पुसायच्या नाहीत, काही घासू द्यायचं नाही. कातडी फुटली तर शेक थांबतील आणि गाठ राहील तिथेच. मी पान मुकाट चुलीत टाकलं.

पण घासणारी वस्तू त्यांच्या गळ्यातच होती. मान काळवंडली, आणि मंगळसूत्राच्या मण्यांखाली लाल रेघ उमटली. काढा म्हटलं की सासूबाई पदर आवळून घेत.

"नवरा जिता हाय माझा. गला मोकला नाय ठेवणार."

"मग पायात बांधा," मी सुचवलं. सोनं, आणि पायात! अख्खा रविवार अबोला.

पुढच्या शनिवारी रेघ ओलसर दिसली. सासरे काकुळतीला आले, त्या हलेनात. मी पाट्यावर मसाला वाटत पुटपुटले, "ज्यांच्या नावाचं आहे, त्यांच्याच गळ्यात घाला की!"

माझं पुटपुटणं विहिरीपर्यंत ऐकू जायचं. आता माहेरी रवानगी, मी मनात म्हटलं.

"इकडं या हो," सासूबाई म्हणाल्या. "वाका."

दुसऱ्या सकाळी सासरे उघड्या अंगाने पानवेलींना पाणी सोडत होते. पाटी घेऊन आलेली कोळीण कुंपणापाशीच थबकली.

"काय भाऊ, कोणाकडं नांदायला गेलास?"

"हिच्याकडंच."

"मंग सासुरवास हाय का नाय?"

"हाय तर! पण हिची मान वाचते."

रेघ सुकली, एकही शेक चुकला नाही. पुढे मानेवर नवी कातडी आली, डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा सासूबाई सासऱ्यांसमोर मान पुढे करून बसल्या. "लावा फिरून लगीन."

सासरे मंगळसूत्र काढू गेले, तर मणी छातीच्या केसांत गुंतलेले. ओढलं की "आई गं!" मला राहवेना. मी धावत जाऊन तेलाची वाटी आणली.

दोघं एका सुरात ओरडली, "ठेव ती खाली!"