भावोजींचा गाल

माझे भावोजी कपड्यांच्या मोठ्या दुकानात विक्रीच्या मजल्याचे मॅनेजर होते. त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत मी गिऱ्हाइकांचे कोट-पँट कमी-जास्त करून देते. त्यामुळे घरी आणि कामावर, दोन्हीकडे हे ध्यान माझ्याच वाट्याला. तोंडावर मी ‘अहो भावोजी’ म्हणते, ते ताईकडे बघून. इथे मी ‘तो’ म्हणणार.

दुकानात त्याचं नाव ‘गुळगुळीत’. गाल असा, की माशी बसली तर घसरून पडेल. बडा घर, पोकळ वासा. दुकान उघडायच्या आधी तो विक्रीच्या मुलींना रांगेत उभं करायचा आणि एकेकीच्या गालावरून ओला टिशू फिरवायचा. पावडरीखाली पुटकुळी निघाली, की बोट तळघराच्या जिन्याकडे. खाली खोकी फोडायची, कपड्यांना टॅग लावायचे आणि वर बोलावणं यायची वाट बघायची. “गिऱ्हाईक आधी चेहरा विकत घेतं, मग शर्ट,” हे त्याचं तत्त्वज्ञान. असल्या माणसाला तत्त्वज्ञान असू नये, पण असतं.

शर्टांच्या काउंटरवर एक बडबडी मुलगी होती. रुमाल घ्यायला आलेला माणूस तिच्याकडून दोन शर्ट घेऊन जायचा. तिच्या हनुवटीवर पुरळ उठलं आणि त्याने तिला खाली धाडलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याचा स्वतःचा गाल बिघडला. नाकाच्या दोन्ही बाजू लाल, हात लावला तर रव्यासारखी खरखर, आणि संध्याकाळ झाली की खाज. साबणाने चेहऱ्याचं तेज जातं म्हणून हा वर्षानुवर्षं तोंड नुसतं क्रीमने पुसायचा, पाण्याचा थेंब नाही. आता त्याने औषधाच्या दुकानातून कुणालाही न विचारता एक मलम आणलं. आठवड्यात गाल पुन्हा चकचकीत. घरभर मिरवून झालं. मग लाली परत आली, दुप्पट. त्याने मलमही दुप्पट केलं. ताई म्हणाली, “अहो, डॉक्टरांना दाखवा.” बायकोबरोबर गेलो तर लोकांना कळेल, म्हणून मेहुणीला, म्हणजे मला नेलं. हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी गाल जरासा खरवडला, निघालेलं काचेवर घेतलं आणि त्याला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. त्याने बघितलं आणि खुर्ची धरली. मीही बघितलं. लांबट, आखूड पायांचे जीव, एकाच केसाच्या मुळाशी दाटीवाटीने बसलेले.

“किडे?” तो म्हणाला. “माझ्या तोंडावर?”

“सगळ्यांच्याच असतात,” बाई म्हणाल्या. “माझ्याही आहेत. थोडे असले तर कुणाला पत्ताही लागत नाही. तुमच्या मलमात स्टेरॉइड आहे. ते वरून लाली झाकतं आणि खाली यांचं फावतं. वर तुम्ही तोंड धूत नाही.”

“कुणाकडून तरी लागले असतील.”

“कुणाकडून नाही हो. तुम्हीच पोसलेत.”

उपाय सोपा होता. ते मलम बंद, रोज साध्या साबणाने तोंड धुवायचं, आणि रात्री त्यांनी दिलेलं औषध. फक्त मलम सोडल्यावर सुरुवातीला चेहरा आणखी भडकेल, दीड-दोन महिने कळ काढावी लागेल, मग साफ बरा. बाहेर आल्यावर तो एवढंच बोलला, “दोन महिने असं तोंड घेऊन मी मजल्यावर उभा राहू?” त्याच्याच नियमाने त्याला तळघरात जावं लागलं असतं, आणि तिथून वर यायला किती दिवस लागतात हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

मग त्याने काय करावं? मालकांना जाऊन सांगितलं, की तळघरात धाडलेल्या त्या शर्टांच्या मुलीला तोंडावर किड्यांचा रोग आहे, तिच्यापासून दुकानात पसरतोय, तिला काढून टाका. चोर तर चोर, वर शिरजोर. ती मुलगी रडत माझ्या खोलीत आली. तिच्या घरी कमावणारी तीच. मी तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या आणि तिला घेऊन सरळ मालकांच्या केबिनमध्ये गेले. तो तिथेच होता.

“भावोजी, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगा.”

“कुठल्या डॉक्टरीणबाई?” तो म्हणाला.

इतकं निर्लज्ज खोटं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी सगळं सांगितलं, काचेवरच्या जिवांसकट. मालक त्याच्या गालाकडे बघत राहिले.

“मग हे काय झालंय?”

“ऊन लागलं.”

आमच्या दुकानाला खिडकी नाही. मालक हसलेसुद्धा नाहीत. म्हणाले, “मुलगी वर जाईल. तू बरा होईपर्यंत खाली बस. नोकरी कुठे जात नाही तुझी.”

याहून जास्त माणुसकी कोण दाखवणार? पण खाली उतरायचं म्हणजे सगळ्या मुलींच्या समोरून जिना उतरायचा. त्याने त्याच दिवशी राजीनामा दिला.

आता तो घरबसल्या फोनवरून विम्याच्या पॉलिसी विकतो. आवाज अजून तसाच, तुपात घोळलेला. डॉक्टरीणबाईंच्या औषधाचं झाकणही उघडलेलं नाही. सकाळी उठला की आरशासमोर उभा राहून आधी ते जुनं मलम थापतो, मग फोन हातात घेतो. गाल आता लाल राहिलेला नाही, जांभळट झालाय, आणि पापण्यांचे केस गळायला लागलेत.

परवा मी गेले होते तेव्हा ताई त्याच्यापुढे उभी होती. तिचा आवाज चढलेला नव्हता. “आता तर कुणी बघतसुद्धा नाही तुम्हाला. घरात मी एकटी. मला कसेही चालता. आता तरी थांबवा ना ते.”

त्याने बोटावर मलम घेतलं.

“थांबवतो,” तो म्हणाला. “आधी जरा चेहरा नीट दिसू दे.”