नेटची वायर

मनीषनगरात जुने नकाशे स्कॅन करून देणाऱ्या रुपरावांचा कोणावर म्हणून विश्वास नव्हता. दुकानाचं कुलूप तीनदा ओढून बघत आणि अर्ध्या जिन्यावरून परत येऊन चौथ्यांदा. नकाशे कोणी पळवू नयेत म्हणून कॉम्प्युटरची नेटची वायर काढून थेट घरीच नेत. आता बोला!

गावोगावचे कापडी नकाशे, एकेक चादरीएवढा. बांधन् बांध दिसावा म्हणून ते जास्तीत जास्त मोठे स्कॅन करत. हे किचकट काम कन्हानहून येणारी सोनिका तीन वर्षं करत होती. तशा सफाईदार हाताची पोरगी त्यांना दुसरी मिळणार नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं.

सोमवारी एकही नकाशा उघडेना. लहान फोटो उघडत, नकाशे नाहीत.

"काय केलंस वं?" रुपराव कडाडले. "कोणाले विकले नकाशे?"

"मी काहीच नाही केलं, काका."

"मंग बॅग दाखव."

सोनिकाने बॅग टेबलावर उलटी केली. डबा, बाटली, बसचा पास. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळं परत भरून ती निघून गेली.

संध्याकाळी, दुकानातला नकाशे उघडायचा प्रोग्राम लिहिणारा त्यांचा भाचा धर्मेंद्र आला. "मामा, फायली जशाच्या तशा आहेत. फोटो उघडणारी लायब्ररी, म्हणजे प्रोग्राममधला दुसऱ्यांनी लिहिलेला तयार भाग, तो अपडेट झाला. नवा भाग मोठ्या फायलीवर संशयच घेते. धोका समजून उघडतच नाही. फायलीच्या आकाराची मर्यादा वाढवली का झालं."

नकाशे उघडले.

"पण नेटशिवाय अपडेट झालं कसं?" धर्मेंद्रने विचारलं. "शनिवारी संध्याकाळी सातले झालं दिसते."

रुपरावांचा चेहरा खर्रकन उतरला. सोनिका तिच्या फोनवर दुकानाच्या मेलवरून कोणाशी काय बोलते ते वाचायला, ती गेल्यावर शनिवारी त्यांनीच वायर लावली होती. मध्येच 'नवा भाग घेऊ का?' असं काहीतरी आलं. ती कटकट जावी म्हणून त्यांनी 'हो' दाबलं होतं.

रात्रभर लाज वाटत राहिली. सकाळी त्यांनी स्वतः फोन करून सगळं कबूल केलं, माफी मागितली. सोनिका दुसऱ्या दिवशी आलीही. पण जागेवर न बसता तिने बॅग त्यांच्या टेबलावर ठेवली आणि चेन उघडली.

"काहून वं हे?"

"पाहून घ्या, काका. मंग बसतो."

आता ती रोज असंच करते. रुपराव रोज मान खाली घालून म्हणतात, "बस वं बाई." बॅगेत मात्र ते बघत नाहीत.