भरलेत, म्हणून बोलतो

"आमच्याकडे टीव्ही नाही," असं मी लायसन्स तपासायला आलेल्या बाईंना दारात उभं राहून सांगितलं. त्या वेळी माझ्या पाठीमागे टीव्ही चालू होता.

माणूस इतका मूर्ख असू शकतो का, असं तुमच्या मनात आलं असेल. असू शकतो. माझ्या नावाआधी तर तेव्हा नुकतंच 'डॉक्टर' लागलं होतं.

गोष्ट २०१० सालची. मी सिंगापूरला एका विद्यापीठात पीएच.डी.नंतरचं पोस्टडॉक करत होतो आणि क्लेमेंटीला एका मराठी काकांच्या फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहत होतो. काका तुआसच्या एका शिपयार्डात उभा जन्म नोकरी करून निवृत्त झालेले. काकू गेल्यावर यिशुनचं मोठं घर विकून वर्षभरापूर्वीच या लहान घरात आले होते. मुलगी पर्थला. घरात ते, मी आणि टीव्ही.

सिंगापुरात तेव्हा घरात टीव्ही ठेवायचा तर दर वर्षी लायसन्स फी भरावी लागे. तुम्ही तो बघा, बघू नका, नाहीतर त्यावर टॉवेल वाळत घाला. ठेवलात की भरा. या फीवर काकांचा राग असा की, सकाळच्या चहालाच तो कपात उतरायचा.

"हॉकर सेंटरला नुसतं टेबलावर बसल्याचे कोणी पैसे घेतं का रे? जेवणाचे घेतात. इथे टेबल माझं, घर माझं, आणि बसल्याचे पैसे यांना. बरं, जेवण तरी ताजं? परवाचाच भात."

मी पोळी तोंडात कोंबून मान हलवायचो. मानेला तेवढाच व्यायाम.

त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. फी घेऊन वर जाहिरातीही दाखवायचे. "फी पण घेता आणि साबण पण विकता," काका पडद्याला म्हणायचे. चार भाषांत कार्यक्रम असत, त्यात आमची एकही नाही. भारताचा सामना असला की नेमकं पडद्यावर कोणीतरी मासे वाफवत असायचं. सामना हवा तर केबल घ्या, तिचे पुन्हा वेगळे पैसे द्या. हवामानाच्या बातमीवर तर त्यांचा खास डोळा होता. "रोज एकच. दुपारी गडगडाटासह सरी. एकदा रेकॉर्ड करून ठेवा म्हणावं, आणि फी अर्धी करा."

पण खरे काका बघायचे तर रविवारी संध्याकाळी. घरात ते कायम बनियन आणि हाफ पँटमध्ये असत. रविवारी बातम्या संपल्या की उठून इस्त्रीचा शर्ट घालत, गळ्यापर्यंत बटणं लावत, आणि टीव्हीवाल्यांच्या तक्रारीच्या नंबरावर फोन करत. फोन स्पीकरवर असे, म्हणजे मलाही साक्षीला बसावं लागे.

"लायसन्स होल्डर स्पीकिंग," काका सुरुवात करत.

"येस, अंकल," पलीकडून उत्तर येई. बहुतेक वेळा एकच बाई असायची. आवाजावरून चिनी, चाळिशीच्या आसपासची, कशाचीच घाई नसलेली. काका आठवड्याची यादी वाचत. ती प्रत्येक तक्रारीला "नोटेड, अंकल" म्हणे. एकदा ती न राहवून म्हणाली, "बट फोर लँग्वेजेस, अंकल. सो मेनी प्रोग्राम्स." काका म्हणाले, "मॅडम, विच वन इज माइन?" त्यावरही ती "नोटेड" म्हणाली.

फोन ठेवला की शर्ट काढून हँगरला. एकदा मी विचारलं, "काका, एवढं बोलून काही बदलतं का?"

"नाही."

"मग कशाला?"

"भरलेत, म्हणून बोलतो."

हे वाक्य मी दर रविवारी ऐकायचो. ऐकायचो म्हणजे कानावर पडायचं. वर्तमानपत्राच्या ढिगासारखं, आहे हे माहीत, वाचलंय कोणी. कारण माझी मनोमन खात्री होती की, हा माणूस फी भरत नसणार. इतक्या शिव्या देणारा माणूस मुकाट्याने पैसे भरतो, हे माझ्या पुणेरी डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं. आमच्या सोसायटीत जे मेंटेनन्सला शिव्या देत, ते मेंटेनन्स भरत नसत. एवढ्या अभ्यासावर मी निष्कर्ष काढला होता.

तर त्या शनिवारी बेल वाजली. लोखंडी जाळीच्या दारापलीकडे गळ्यात ओळखपत्र घातलेल्या एक मलाय बाई. अगदी सौम्य. या पत्त्यावर लायसन्सची नोंद दिसत नाही, टीव्ही आहे का, असं त्यांनी विचारलं. मला वाटलं, आज काकांचे उपकार फेडायची वेळ आली.

"नो टीव्ही," मी म्हणालो.

आतून एक माणूस मँडरिनमध्ये रडायला लागला.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "दॅट वन इज नेबर?" असं त्यांनीच मला सुचवल्यासारखं झालं, आणि मी ते आनंदाने घेतलं. "येस, येस. नेबर."

आतून काकांची हाक आली, "अरे ये लवकर, तो सासरा खरं बोलायला लागलाय."

बाईंना मराठी येत नव्हतं. त्याची गरजही पडली नाही, कारण मी उत्तर देईना म्हणून काका स्वतःच बाहेर आले. बनियनमध्ये. हातात रिमोट. त्यांनी बाईंचं ओळखपत्र वाचलं, मग माझा चेहरा वाचला. आत गेले आणि बाहेर आले तेव्हा अंगात शर्ट होता, हातात चालू वर्षाचं लायसन्स. ते यिशुनच्या पत्त्यावर होतं. घर बदललं, पत्ता बदलायचा राहिला, एवढंच.

बाईंनी तिथल्या तिथे पत्ता लिहून घेतला. जाताना विचारलं, "युवर सन, अंकल?"

"टेनंट," काका म्हणाले. "ओन्ली रूम."

दार लागल्यावर त्यांनी टीव्ही बंद केला. भर मालिकेत. ते मी पहिल्यांदाच बघत होतो.

"तुम्ही मला चोर केलंत," ते म्हणाले.

इतके दिवस ते मला अरे-तुरे करत. 'तुम्ही' आज पहिल्यांदाच.

"काका, मला वाटलं तुम्ही भरत नसाल."

"का वाटलं?"

"तुम्ही इतकं बोलता..."

"भरलं नसतं तर कुठल्या तोंडाने बोललो असतो? इतकी वर्षं त्या बाईला फोन करतोय. ती ऐकून घेते ते मी भरतो म्हणून. तेवढं एकच मिळतं त्या पैशांत. तेही तुम्ही दारात उभं राहून घालवत होतात."

त्या रविवारी त्यांनी फोन खोलीत नेला आणि दार लावून घेतलं. बराच वेळ बोलत होते. मला वाटलं, आठवड्याची यादी लांबली असेल.

मग माझी शिक्षा सुरू झाली. सोफ्यावर बसायला परवानगी, मत द्यायला बंदी. मी "किती रटाळ आहे हे" एवढं म्हटलं तरी काका माझ्याकडे न बघता विचारत, "तुम्ही भरलेत?" मी अर्धी फी द्यायची तयारी दाखवली. "लायसन्सवर नाव एकच असतं," ते म्हणाले. म्हणजे जगातले सगळ्यांत कंटाळवाणे कार्यक्रम मी तोंड मिटून बघत होतो. फी भरणाऱ्याला निदान ओरडता तरी येत होतं. न भरता त्या फीचा इतका त्रास झालेला मी एकटाच असेन.

पुढच्या वर्षीच्या बजेटात सरकारने ही फी रद्द केली. बातमी टीव्हीवरच सांगितली. ज्यांनी त्या वर्षाची आधीच भरली होती त्यांना परतही मिळणार होती. मी सोफ्यावरून उठून टाळ्या वाजवल्या.

"काका, जिंकलात."

काकांनी आवाज बंद केला. पडद्यावरचा माणूस नुसते ओठ हलवत राहिला.

"पैसे परत देतात म्हणजे काय, माहितेय का तुला?" ते म्हणाले. "तोंड परत घेतात."

'तुला' ऐकून मला इतकं बरं वाटलं की, पुढचं वाक्य मला उशिराच कळलं.

रविवारी बातम्या संपल्या. काकांनी शर्ट घातला, पण बटणं लावली नाहीत. फोन स्पीकरवर टाकला.

"येस, अंकल?"

काकांनी यादी उघडली. "आय अॅम नॉट लायसन्स होल्डर नाऊ," ते म्हणाले.

"नेव्हर माइंड, अंकल. यू जस्ट कंप्लेन. आय लिसन."

बाई मनापासून बोलली होती. म्हणूनच बहुधा काकांनी यादीची घडी घातली, तिला थँक्यू म्हटलं आणि फोन ठेवला.

"उपकार करते बिचारी," ते म्हणाले आणि शर्ट हँगरला लावला. त्यानंतर त्यांनी तो नंबर लावला नाही. टीव्ही चालू असे, पण ते त्याला काही बोलत नसत. मासे वाफवणाऱ्यालाही नाही.

फीची बाजू घ्यायला मी हे सांगतोय असं कृपा करून समजू नका. ती फी म्हणजे उघड लूट होती. तिच्या बदल्यात बघण्यासारखे फक्त काकाच मिळायचे, आणि तेही रविवारीच.

पुढे मुलगी त्यांना पर्थला घेऊन गेली. जाताना टीव्ही मला दिला. "ठेव," म्हणाले. "आता कोणी विचारायला येणार नाही."

दोनेक वर्षांनी मुलीचा फोन आला. काका झोपेतच गेले. मी टीव्हीसमोर बसलो होतो. कोणाला तरी सांगावंसं वाटलं, पण त्यांना ओळखणारं माझ्या ओळखीत कोणी नव्हतं. फक्त एक आवाज होता. बातम्या संपल्यावर मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि तो नंबर लावला.

तीच बाई होती. मी म्हणालो, एक अंकल दर रविवारी फोन करायचे...

"लायसन्स होल्डर अंकल," ती लगेच म्हणाली. "लाँग टाइम नो कॉल. हाऊ इज ही?"

मी सांगितलं. मागे कुठेतरी कीबोर्ड वाजत होता, तो थांबला.

"सो सॉरी," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "अँड यू आर? सन?"

"टेनंट."

"ओ," ती म्हणाली, "यू आर द नो-टीव्ही वन. अंकल टोल्ड मी. पीएच.डी. ऑल्सो गॉट, बट डोन्ट नो हाऊ टु लाय, लाह."