सिंगल एंट्री

शारजात मी दोन वर्षं नोकरी केली. त्या दोन वर्षांत, निघायच्या दिवसापर्यंत, माझा पासपोर्ट माझ्या हातात फक्त एकदा आला, तोही व्हिसाचा शिक्का बघण्यापुरता. बाकी सगळा वेळ तो हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या कंपनीच्या तिजोरीत होता. तेव्हा सगळ्याच कंपन्या असं करत. कायद्यात ते बसत नाही, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा आमचे मॅनेजर म्हणाले होते, "अगं बाळ, हरवलाबिरवला तर कुठे शोधत बसशील? इथे सेफ राहील."

हे मॅनेजर पुण्याचे. इंटरव्ह्यूच्या वेळी माझ्या वडिलांना त्यांनी सांगितलं होतं, "आपलीच माणसं आहोत, काळजी करू नका." वडील त्या एका वाक्यावर खूश होऊन मिरजेला परत गेले होते. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, लग्न व्हायचं होतं, आणि दोन मल्याळी नर्सेसबरोबर एका खोलीत राहत होते. कंपनी प्लास्टिकचा कच्चा माल आफ्रिकेत पाठवायची. बँकेत द्यायची सगळी कागदपत्रं मी टाइप करत असे. त्यात एका अक्षराचीही चूक चालत नाही, आणि माझी चूक होत नसे. त्याचाच मला पुढे जाच झाला.

त्या गुरुवारी दुपारी भावाचा फोन ऑफिसात आला. आईच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. तो म्हणाला, "ताई, डॉक्टर म्हणतायत जे कोण यायचंय त्यांना बोलवून घ्या." मी फोन ठेवला आणि थेट केबिनमध्ये गेले. या देशातून बाहेर पडायला कोणाची परवानगी लागत नाही, फक्त पासपोर्ट लागतो. मी तेवढंच मागितलं.

"अरेरे," मॅनेजर म्हणाले. "पण तिजोरीची किल्ली पीआरओकडे असते गं. तो आता गेला. उद्या शुक्रवार, सुट्टी. शनिवारी आल्या आल्या देतो, इन्शाल्ला."

पीआरओ म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस, सुदानी, फार सज्जन. शनिवारी मी सात वाजल्यापासून त्याच्या टेबलापाशी उभी होते. तो आला आणि माझ्याकडे बघतच राहिला. "सिस्टर, किल्ली माझ्याकडे कधीच नसते," तो म्हणाला.

मी पुन्हा केबिनमध्ये गेले. आता कारण बदललं होतं. मोम्बासाच्या कन्साइनमेंटचे पेपर बुधवारी बँकेत जायचे होते. "तेवढं करून जा. तुझ्याशिवाय ते कोण करणार? आणि अगं बाळ, आई सगळ्यांनाच असते. माझीही आजारी होती, मी गेलो का लगेच धावत?"

मी रडले. हात जोडले. रविवारी परत गेले, सोमवारी सकाळी परत गेले. सोमवारी मी समोर उभी असतानाच त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, तिजोरी उघडली, आतून चेकबुक घेतलं आणि तिजोरी लावली. पासपोर्टांचा गठ्ठा रबर लावून वरच्या कप्प्यात होता. मला तो दिसला. मला तो दिसला हे त्यांनाही दिसलं. ते काही बोलले नाहीत, मीही बोलले नाही. का बोलले नाही, ते आजही मला सांगता येत नाही. मी परत टेबलाशी जाऊन मोम्बासाचे पेपर टाइप केले.

त्याच संध्याकाळी आई गेली. मला पासपोर्ट बुधवारी मिळाला, बँकेतून पेपर पास झाल्यावर. मी मिरजेला पोचले तेव्हा घरात सतरंजी घातलेली होती आणि भावाने डोक्यावरचे केस काढले होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "शेवटी शेवटी दाराकडेच बघत होती बघ." लोक अशी वाक्यं का सांगतात कोण जाणे. ते वाक्य मी जपून ठेवलं.

मी परत गेले नाही. सहा महिने देशाबाहेर राहिलं की तिथला रहिवासाचा व्हिसा आपोआप मरतो. माझा तसा मरू दिला. पुढे लग्न झालं. नवरा दुबईत एका कन्स्ट्रक्शन कंपनीत ड्राफ्ट्समन होता, म्हणून नशिबाने पुन्हा तोच देश. या वेळी नवऱ्याच्या व्हिसावर आले, आणि पासपोर्ट माझ्या कपाटात, साड्यांखाली राहिला.

बर दुबईत, देवळाच्या गल्लीपासून जवळच, एका ट्रॅव्हल एजन्सीत मला काम मिळालं. मालक म्हातारे सिंधी गृहस्थ होते, चाळीस वर्षं दुबईत काढलेले. मला त्यांनी व्हिसाच्या टेबलावर बसवलं. हे काम मला इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं. आमच्याकडे येणारे बहुतेक आपल्याकडचे पासपोर्टवाले. जगातल्या जवळपास प्रत्येक दारात त्यांना आधी अर्ज करावा लागे. मी लोकांना जीव तोडून सांगायची. पासपोर्ट सहा महिन्यांत संपत असेल तर तिकीट काढूच नका. दोन कोरी पानं आहेत का बघा. ब्रिटनला जायचं तर पगाराचं पत्र, बँकेचं स्टेटमेंट आणि इथल्या रहिवासाची प्रत लावा, आणि परत का येणार हे व्हिसा देणाऱ्या साहेबाला पटलं पाहिजे. थायलंडला जाऊन पुढे लंडनला जाणार आणि येताना परत बँकॉकला थांबणार असाल, तर आधी बोटांवर मोजा: त्या देशात किती वेळा आत शिरणार? दोन वेळा. मग डबल एंट्री मागा. सिंगल एंट्रीचा व्हिसा पहिल्यांदा आत गेलात की खलास. मग त्यावरची तारीख कितीही लांबची असो, तो कागद मेलेला. एका रत्नागिरीच्या फोरमनला तर मी हे तीनदा समजावलं होतं, आणि त्याच्या पुढच्या पोराचं बारसं झालं तेव्हा तो माझ्यासाठी पेढे घेऊन आला होता.

एके दिवशी सकाळी मॅनेजर दारातून आत आले.

मी त्यांना लगेच ओळखलं. केस पांढरे झाले होते, पोट पुढे आलं होतं, पण किल्ल्यांचा जुडगा हातात तसाच खुळखुळत होता. त्यांनी मला ओळखलं नाही. मला चष्मा लागला होता, केस कापलेले होते, टेबलावर आडनाव नवऱ्याचं. बरोबर त्यांची बायको होती. मधल्या काळात त्यांना मी एकदा दुबईतल्याच ऊद मेथा भागातल्या शाळेच्या हॉलमध्ये लांबून पाहिलं होतं. मराठी मंडळाचा कार्यक्रम होता आणि ते मातृभाषेवर भाषण करत होते. मी उठून बाहेर गेले होते.

"मॅडम, मराठी वाटतं? वा वा, बरं झालं," ते खुर्चीत बसत म्हणाले. "आपलीच माणसं."

त्यांची एकुलती एक मुलगी इंग्लंडमध्ये शिकत होती. तिचा पदवीदान समारंभ होता. तिचं लग्न बँकॉकमधल्या एका भारतीय कुटुंबात ठरलं होतं, तिथे त्यांचं दागिन्यांचं दुकान. आधी नवराबायको बँकॉकला चार दिवस जाणार, हॉल बघणार, व्याह्यांना भेटणार. मग लंडन. मग मुलीला घेऊन परत बँकॉक आणि रविवारी साखरपुडा. हे सगळं त्यांनीच मला सांगितलं, हौसेने.

मी दोघांच्या पुढे थायलंडचे फॉर्म ठेवले. बायको म्हणाली, "माझा तुम्हीच भरा हो, मला चष्म्याशिवाय काही दिसत नाही." मी भरला. किती वेळा प्रवेश, या रकान्यात दोन लिहिलं. ते माझ्या हाताने आपोआप लिहिलं गेलं.

मॅनेजर स्वतःचा फॉर्म स्वतः भरत होते. मी म्हटलं, "द्या, मी भरते."

"छे छे, मी वीस वर्षं फिरतोय," ते म्हणाले, आणि बायकोकडे बघून हसले. "या पोरींना बसून बसून काय कळतंय!"

फॉर्म माझ्याकडे आला. प्रवेशाच्या रकान्यात त्यांनी मोठ्या अक्षरात एक लिहिलं होतं. सही वळणदार, तीच. माझ्या सुट्टीच्या अर्जांवर नाकारल्याची खूण करताना ती अशीच असायची.

आमच्या टेबलाचा नियम होता, प्रत्येक फॉर्म दोनदा वाचायचा. मी तो दोनदा वाचला. मी विचारलं, "साहेब, एकदा नीट बघता का? सगळं बरोबर आहे ना?"

"अहो, झालं की. यल्ला, घ्या लवकर."

मी घेतला. त्याची झेरॉक्स काढून फाइलला लावली. खोटं कशाला बोलू, मला अपराधी वाटलं नाही. उलट कित्येक वर्षांत आला नव्हता इतका शांतपणा आला. व्हिसे झाले तेव्हा दोन्ही पासपोर्ट मी एका पाकिटात घालून दिले. शिक्का कोणी वाचत नाही, लोक फक्त आपला फोटो बघतात. ते म्हणाले, "थँक्यू हं मॅडम." मी म्हटलं, "मुलीला आशीर्वाद सांगा."

तीन आठवड्यांनी ते एकटेच आले. दारातूनच ओरडत आले. मालक केबिनमधून बाहेर धावले.

त्यांच्या ओरडण्यातूनच मला सगळं कळलं. लंडनच्या विमानतळावर, शुक्रवारी, काउंटरवरच्या मुलीने त्यांचा पासपोर्ट उलटसुलट करून परत दिला होता. तुमचा थायलंडचा व्हिसा वापरून झालाय, म्हणाली. बायकोचा चालतो, तुमचा नाही. बँकॉकला पाहुणे जमलेले, हॉल ठरलेला. बायको आणि मुलगी पुढे गेल्या. शनिवार-रविवार थायलंडची कचेरी बंद. साखरपुड्यात बापाच्या जागी मुलीचा मामा बसला. मॅनेजर मंगळवारी पोचले, तेव्हा हॉलमधली फुलंसुद्धा काढून झाली होती.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी फाइल काढली आणि मॅनेजरांच्या हस्ताक्षरातली झेरॉक्स टेबलावर ठेवली. मालकांनी ती वाचली. "आप ने खुद लिखा है, साब," ते हळूच म्हणाले.

मॅनेजर काही मूर्ख नव्हते. "आणि बायकोच्या फॉर्मवर? तिथे दोन कोणी लिहिलं? तुम्हाला माहीत होतं!"

"हो," मी म्हटलं. मी मराठीतच बोलले, मालकांना कळू नये म्हणून. "मला माहीत होतं. मी हमरियात तुमच्याकडे होते. बँकेचे पेपर टाइप करायची. मोम्बासाचं कन्साइनमेंट. माझी आई मिरजेला मरत होती आणि माझा पासपोर्ट तुमच्या तिजोरीत होता."

मी किती वर्षं या क्षणाची वाट बघितली होती. त्यांचा चेहरा पडेल, ते खाली बघतील, निदान घाम तरी फुटेल. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि माझ्याकडे निरखून पाहिलं. ते खरोखर आठवायचा प्रयत्न करत होते.

"कुठली तू?" ते म्हणाले. "तेव्हा चार-पाच मुली होत्या. आई गेली होती का तुझी? मग सांगायचंस ना मला."

त्या क्षणी त्यांच्या थोबाडीत मारावी असं वाटलं. "पाच दिवस सांगत होते," मी म्हटलं. "हात जोडून. सोमवारी तुम्ही माझ्यासमोर तिजोरी उघडलीत. किल्ली तुमच्याच खिशात होती. माझ्या आईने दाराकडे बघत प्राण सोडला. तुमची मुलगी कुठे बघत होती साखरपुड्यात, विचारलंत का तिला?"

त्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. मग ते वळले आणि निघून गेले. झेरॉक्स टेबलावरच राहिली.

"क्या बोला उसको?" मालकांनी विचारलं.

"बोला, फॉर्म ध्यान से भरा करो."

मालकांनी झेरॉक्स उचलून परत फाइलला लावली. त्यांना भाषा कळली नसेल, बाकी सगळं कळलं होतं. "बेटी," ते म्हणाले, "इस टेबल पे दुश्मन का भी काग़ज़ ठीक करना पड़ता है." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला तिकिटांच्या काउंटरवर बसवलं. मला ते टेबल गेल्याचं फार वाईट वाटलं, पण मी भांडले नाही. त्यांचं बरोबर होतं.

घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने आमटी वाढून घेता घेता हात थांबवला. "त्या मुलीचं काय चुकलं होतं?" त्याने विचारलं.

"काहीच नाही," मी म्हटलं. "तिचा साखरपुडा झाला. तिची आई होती तिथे."

त्याने आमटी वाढून घेतली. त्याला माझं पटलं नाही, मला ठाऊक आहे. त्याची आई अजून आहे.

पुढच्या वर्षी मुलाला शाळेतून आणायला ऊद मेथाला गेले होते. कसलासा कार्यक्रम संपून लोक हॉलमधून बाहेर पडत होते, त्यात मॅनेजर होते. गळ्यात पाहुण्याला घालतात तसा हार होता. त्यांनी मला पाहिलं. चारचौघांत उभे होते, तिथून ते निघाले, व्हरांडा ओलांडून पलीकडच्या जिन्याने खाली उतरले आणि गाड्यांच्या मागून वळसा घालून फाटकाकडे गेले. उन्हात, हार तसाच गळ्यात.

मुलगा म्हणाला, "मम्मा, हू वॉज दॅट अंकल?"

"ओळखीचे आहेत," मी म्हटलं. आणि ते फाटकाबाहेर दिसेनासे होईपर्यंत मी तिथेच, सगळ्यांना दिसेन अशी उभी राहिले.