न फुललेलं झाड

चौथीच शिकले, अक्षर वाकडं आहे, चुका पोटात घालाव्या.

सौंसरला आमच्या संत्र्याच्या बागेतल्या खोलीत एक विलायती पाद्री राहायला आला होता. पोरगाच होता. वर्षभर सायकलवर गावोगाव फिरला, पण प्रार्थनेला कोणी येईना.

पावसात फुलं धरावी म्हणून मे महिन्यात आम्ही झाडांचं पाणी तोडतो. सुकलेली पानं पाहून त्यानं भर उन्हात बादल्या वाहिल्या आणि खोलीपुढचं झाड भिजवलं.

“झाडाले किरिस्ताव करून राहिले का, फादर?” आमचे हे चिडले. “आता ह्याले फूल नाही येत!”

“तहानलेलं दिसलं,” तो एवढंच बोलला.

पावसात सगळी बाग फुलली, तेवढं झाड नुसतं हिरवं राहिलं. तो रोज त्याच्याखालीच बसे. एकदा मी चहा नेला, तर खोडावर हात ठेवून थकलेलं हसला.

“ताई, इथं माझं ऐकलं ते ह्यानंच.”