वाचून दाखवला, समजला

माझी नात वकील आहे. नंदुरबारच्या कोर्टाजवळ एका मोठ्या वकिलांच्या हापिसात तिला एक खुर्ची आहे आणि टेबलाचा एक कोपरा आहे. शिवाय तिचा एक ब्लॉग आहे. खुर्ची मला लगेच समजली. ब्लॉग समजायला अख्खा हिवाळा गेला.

मी दुसरी शिकले. अक्षराला अक्षर जोडून वाचते, तोवर समोरचा माणूस उठून गेलेला असतो. म्हणून हे सगळं मी तोंडाने सांगतेय, अहिराणीत, आणि नात ते मराठीत उतरवतेय. पण आपसातलं बोलणं जसं झालं तसंच ठेव, असं मी तिला सांगितलंय.

तर, सकाळी कोर्टात जायच्या आधी ती ओट्यावर बसून लिहायची. मी एकदा विचारलं, "कोन वाचस हाई?"

"कोनीबी. ज्याना हातमा फोन शे तो."

"मंग तुले फी कोन देस?"

"कोनीच नही."

"तं कसाले लिखस, व माय?"

ती म्हणाली, कोर्टात लोक येतात आणि त्यांना त्यांचाच कागद समजत नाही. पोलिसात तक्रार दिली तर तिची नक्कल फुकट मिळते, हेही माहीत नसतं. ते सोपं करून लिहायचं. वकिलाला स्वतःची जाहिरात करता येत नाही, म्हणून तिथे लेखाखाली नुसतं नाव, फोन नंबरही नाही. मला नवल वाटलं. दुकान नाही, पाटी नाही, गिऱ्हाईक दिसत नाही, आणि पोरगी रोज पहाटे दुकान उघडून बसते.

मग तिने मलाही त्यात ओढलं. लिहून झालं की मला वाचून दाखवायची. मला समजलं म्हणजे संपलं, असं नाही. मी ते मिरचीच्या पथारीवर जाऊन दुसऱ्या बाईला सांगायचं. तिला समजलं तरच लेख बाहेर जायचा.

पथारी म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा. ओली लाल मिरची तिथे वाळत घालतात आणि आम्ही बाया तिचे देठ खुडतो. मी तिथे तरुणपणापासून जाते. आता मुलगा नको म्हणतो, पण हिवाळा आला की पाय तिकडेच वळतात. माझ्या शेजारी जी बसते ती माझ्याच वयाची, जिभेने मिरचीपेक्षा तिखट. एका लेखात 'प्रतिवादी' असा शब्द होता. ती म्हणाली, "तो कोन? कोठला?" मी घरी येऊन सांगितलं. नातीने शब्द बदलला. पुन्हा अडलं. तीन वेळा तो लेख पथारीवरून परत आला.

"व बहीन," शेजारीण म्हणाली, "तुन्ही नात वकील शे का मास्तरीन? आमले या वयमा शायमा बसाडी ऱ्हायनी."

पण दुसऱ्या दिवशी तीच विचारायची, "आज काय आनं तुन्ही नातनी?"

एका सकाळी नातीने हक्कसोडीवरचा लेख वाचला. बाप गेला की जमिनीत मुलीचाही वाटा असतो. भावाला तो देऊन टाकायचा असेल तर बहीण तसा कागद करून देते, त्याला हक्कसोड म्हणतात. रजिस्टर हापिसात जायचं, सही किंवा अंगठा द्यायचा. मी भाजी निवडत होते. हात थांबला.

"हाई तं मी करेल शे," मी म्हटलं.

वडील गेल्यानंतरच्या आखाजीला मी माहेरी गेले होते, तापीकाठच्या गावी. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. तिसऱ्या दिवशी भाऊ म्हणाला, शहाद्याला जायचंय, सातबाऱ्याचं काम आहे. जीपमध्ये बसलो. हापिसात गर्दी होती. कारकुनाने बोट दाखवलं, मी अंगठा दिला. मला सही येत होती, दुसरीत शिकलेली, पण कुणी विचारलं नाही. येताना भावाने बांगड्या भरून दिल्या. मी खुशीत होते, बांगड्यांमुळे.

पुढच्या वर्षी नवरा वारला. मुलगा कडेवर होता. मी भावाच्या दारात धान्य मागायला गेले. त्याने पोतं दिलं. दोन वर्षं देत राहिला. मी प्रत्येक वेळी त्याच्या पाया पडले. मग पथारीवर काम मिळालं आणि मी जायचं बंद केलं. हात रात्रभर आग आग करायचे, लेकराला जवळ घ्यायची भीती वाटायची, त्याच्या डोळ्याला लागेल म्हणून. असे दिवस गेले. सगळ्यांचेच जातात.

नातीने विचारलं, राग आला का. राग कसला येतो आता. पण मला एक गोष्ट जाणून घ्यायची होती. त्या कागदात लिहिलंय तरी काय? इतकी वर्षं माझा अंगठा एका कागदावर आहे आणि मला माहीत नाही तो काय बोलतो.

"नक्कल मियस का?" मी विचारलं.

मिळते म्हणाली. तिने अर्ज केला. मी रोज विचारायची, आली का. शेजारीणसुद्धा विचारायला लागली. शेवटी आली. नातीने वाचली आणि एका जागी थांबली. मग सावकाश वाचलं: मी माझा हक्क राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, बिनमोबदला सोडून देत आहे. मजकूर मला वाचून दाखवला, तो समजला.

"परत वाच," मी म्हटलं. तिने वाचलं.

"त्या कारकूनले कसं समजनं मी खुश व्हती ते?" मी म्हटलं. "त्यानी तं तोंड वर करीसन दखंबी नही."

नातीने तो लेख पुन्हा नव्याने लिहिला. माझं नाव नाही, गावाचं नाव नाही. एवढंच की अंगठा देण्याआधी म्हणा, मला वाचून दाखवा. माझ्या भाषेत. पथारीवर तो पहिल्याच दमात पास झाला. शेजारीण खुडणं थांबवून म्हणाली, परत सांग. हे पहिल्यांदाच घडत होतं.

तो लेख या फोनवरून त्या फोनवर फिरला. आणि फिरत फिरत नातीच्याच हापिसात आला. एक भाऊ बहिणीला घेऊन हक्कसोड करायला आला होता. कागद तयार होता. बहीण म्हणाली, आधी वाचून दाखवा. भाऊ चिडला. म्हणाला, हे तुमच्याच हापिसातल्या पोरीने लिहिलंय, आणि आपली सगळी कामं घेऊन दुसऱ्या वकिलाकडे गेला.

संध्याकाळी नात आली ती चप्पल न काढताच बसली.

"सर म्हनतस, लेख काढी टाक, नही तं दुसरं टेबल दख."

"मंग?"

"सोमवारपावत सांगनं शे." मग तिने चप्पल काढली. "सरना हाताखाल शिकनी मी. आते कोन उभं करी मले?"

वकिली म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पुस्तकं वाचून परीक्षा झाली तरी कुणाच्या तरी टेबलाचा कोपरा लागतो. ती खुर्ची गेली की पोरगी कोर्टाच्या आवारात नुसती काळा कोट घालून उभी राहणार. लेख काढ, असं मी म्हणू शकत नव्हते. काढू नको, असंही म्हणू शकत नव्हते. त्यातलं निम्मं माझंच होतं.

शनिवारी दुपारी ती कामाने शहाद्याला गेली होती. मी नक्कल पिशवीत घातली आणि रिक्षाने त्या हापिसात गेले. खरं सांगते, भांडायला नाही गेले. मला तो माणूस बघायचा होता.

माणूस साधा निघाला. चष्मा, पांढरा शर्ट, समोर अर्धा कप चहा. मला वाटलं होतं आवाज मोठा असेल.

"या आजी, बसा. नातीने पाठवलं का?"

"नही भाऊ. तिले म्हाईतबी नही. मले एक कागद वाची दाखाडा."

त्यांनी हातात घेतला, वरून खाली नजर फिरवली. "हक्कसोड आहे. जुना आहे. आता यात काही करता येणार नाही, आजी."

"काही करनं नही. वाची दाखाडा फक्त."

ते वाचायला लागले. एरवी जसं भराभर वाचत असतील तसं. 'राजीखुशीने' आलं तशी मी म्हटलं, "हयू." तेही हळू झाले. 'वाचून दाखवला, समजला' पाशी पोहोचले आणि माझ्याकडे पाहिलं.

"तेव्हा वाचला होता ना?"

"नही भाऊ. साहेब लोकेस्माईन मले वाची दाखाडनारा तुम्हीच पयले."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "आजी, तुम्हाला वाटतं आम्ही मुद्दाम वाचत नाही. लोक येतात तेच विचारतात, सही कुठे करू? बाहेर जीप उभी असते. कुणाला ऐकायचंच नसतं. आणि वेळ किती जातो!"

मी त्यांच्या वाफाळत्या कपाकडे पाहिलं. "तुमना चहा आजून ऊनच शे," मी म्हटलं.

ते हसले, पण मनापासून नाही. म्हणाले, "नात तुमच्यावर गेलीय." मला बाहेरपर्यंत सोडायला आले. खुर्चीचं काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर ती भीक झाली असती.

सोमवारी नात गेली ती लेख न काढता. सर म्हणाले, "लेख राहू दे. पण पक्षकार पळवलास तू, तर शिक्षाही तूच भोग. इथून पुढे हापिसातला प्रत्येक असा कागद तू वाचायचा, मोठ्याने, त्यांच्या बोलीत. बाकीचं काम संपवून." खुर्ची राहिली. काम दुप्पट झालं. ब्लॉग आता आठवड्यातून एकदाच लिहिते, रविवारी. काही भाऊ कागद ऐकून दुसरीकडे जातात. पण मला नवल वाटतं ते बहिणींचं. नात पूर्ण वाचून दाखवते, वाटा किती ते सांगते, आणि बहुतेक जणी सगळं ऐकून घेतात आणि तरी सही करतात. एकीने दोनदा वाचायला लावलं, पदर सारखा केला, आणि सही केली.

यंदा आखाजीला मी माहेरी गेले. भाऊ आता काठी घेऊन चालतो. पारावर बसलो होतो. मी विचारलं, "तो कागद तुले तरी वाची दाखाडा व्हता का?"

तो बराच वेळ आठवत राहिला. "नही व," म्हणाला. "मीबी सही करी आनि उठी गवू."

घरी येऊन नातीला सांगितलं. ती म्हणाली, "मोठी माय, तुले तवय वाची दाखाडा ऱ्हाता, तं अंगठा दिधा ऱ्हाता का?"

मी खूप विचार केला. बांगड्या आठवल्या, जीप आठवली, आखाजीचा झोका आठवला, धान्याचं पोतं आठवलं. नात पेन घेऊन बसली होती, लेखात घालायचं म्हणून.

"म्हाईत नही," मी म्हटलं. "हाईच लिख."