उजवा डोळा जरा लहान

फोन आला तेव्हा मी एका नवरीच्या डाव्या डोळ्यात होते. म्हणजे पडद्यावर तो डोळा ताटाएवढा मोठा करून पापणीच्या कडेकडेनं माउस सरकवत होते. फोन पुण्याहून रूथचा, ज्यांच्या स्टुडिओत मी काम करते त्या योहानकाकांच्या मुलीचा. "ताई, पप्पा सकाळी उठलेच नाहीत. शेजारच्यांनी दार उघडून बघितलं… मी निघालेय." मला आधी राग आला. आदल्या दिवशी ह्याच डोळ्यावरून त्यांनी मला चार वेळा "परत" म्हणून सुनावलं होतं, आणि उद्या येऊन बघतो म्हणून गेले होते. मी मशीन तसंच ठेवलं, शटर ओढलं आणि स्कूटीवरून त्यांच्या घरी गेले.

रूथ दुपारी पोहोचली. रडून झाल्यावर तिनं विचारलं, "पप्पांचा एखादा फोटो आहे का, ताई?" सगळी हयात नगरच्या लोकांचे फोटो काढण्यात गेली, पण ह्या माणसाचा स्वतःचा एक धड फोटो घरात नव्हता. आधार कार्डावरचा होता, त्यात ते त्यांचे त्यांनाही ओळखू आले नसते. महिन्यानं चर्चमध्ये स्मरणाची प्रार्थना होती. तोपर्यंत मी करून देते, असं सांगितलं. तेव्हा रूथ हळूच म्हणाली, "फक्त एक करा. उजवा डोळा डाव्यासारखा करा."

काकांच्या उजव्या डोळ्याची पापणी जन्मापासून अर्धी खाली. अनोळखी माणसाला वाटायचं, हे डोळा मारतायत. रूथच्या शाळेतल्या मुली ह्यावरून तिला फार छळायच्या. पालकसभेला पप्पांनी येऊ नये म्हणून ती चिठ्ठीच घरी द्यायची नाही. "सगळ्यांसमोर लागणार आहे फोटो," ती म्हणाली. "एकदा तरी सारखे दिसू देत." ह्यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. डोळे दुरुस्त करणं हेच तर माझं काम, आणि ते मला शिकवलं होतं त्याच माणसानं.

शिकवलं हा शब्द मी सवलतीनं वापरतेय. सावेडीतल्या त्यांच्या स्टुडिओत मी मुलाचे पासपोर्ट फोटो आणायला गेले होते. काउंटरवर गर्दी, काका आत अडकलेले, म्हणून लोकांची पाकिटं मीच शोधून दिली. दुसऱ्या दिवसापासून कामाला. त्रेचाळीस वय, कॉम्प्युटरला कधी हात लावलेला नाही. त्यांनी मला एका म्हातारीचा फोटो उघडून दिला आणि म्हणाले, "बाई, डोळ्याचं पांढरं तेवढं निवडा." निवडणं म्हणजे तेवढ्या भागाभोवती रेघ आखून तो वेगळा करणं. मी गोल निवडीचं टूल घेऊन छान लंबगोल काढला. "डोळा हाये का अंडं? परत." सारखा रंग आपोआप पकडणारी मॅजिक वँड लावली, तर तिनं डोळ्यासोबत म्हातारीचं पांढरं नऊवारी लुगडंही निवडलं. "परत." मग लॅसो, म्हणजे हातानं दोरी फिरवल्यासारखी रेघ ओढायची. माझी रेघ पापणीवर चढायची, नाकाकडे घसरायची. काका मागून यायचे, एका हातात चहाचा कप, आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं कीबोर्डवर ठेवायचे. कंट्रोल आणि डी. अर्धा तास केलेली निवड पुसली जायची. विचारणं नाही, सांगणं नाही. काय चुकलं ते विचारलं तर म्हणायचे, "कळंल."

मला ते कधीही सरळ कळलं नाही. माझ्या वहीत मी लिहून ठेवलं होतं की निवडीची कड किती मऊ करायची, कोणता आकडा टाकायचा. त्यांनी वही वाचली आणि तिच्यावर कप ठेवला. त्यांचं सगळं शिक्षण फिल्मच्या काळातलं. निगेटिव्हवर शिसपेन्सिलीनं सुरकुत्या बुजवायच्या, त्यासाठी पेन्सिलीचं टोक सुईसारखं करायचं. त्यांच्या मते मी एकदाही पेन्सिल नीट तासली नव्हती, म्हणून मला माउसही धरता येत नव्हता. पुढे एका क्लिकमध्ये डोळे निवडणारं सॉफ्टवेअर आलं. मी हरखले. काकांनी एक लग्नाचा फोटो त्याला दिला, त्यानं नवरदेवाच्या मुंडावळीतले दोन मोती निवडले. काका आठवडाभर मला "मोतीवाल्या बाई" म्हणत होते.

एकदा मात्र मी त्यांच्या पाठीमागे काम संपवलं. कर्जतकडच्या एक बाई नवऱ्याचा फोटो भिंतीवर लावण्यासाठी मोठा करायला घेऊन आल्या. नवरा नुकताच गेलेला, आणि असलेल्या एकमेव फोटोत डोळे मिटत आलेले. मिटलेले डोळे उघडून देणं हे आमच्याकडे रोजचं काम. दुसऱ्या फोटोतले डोळे उचलायचे आणि बसवायचे. दुसरा फोटो नव्हता, पण त्याच ग्रुप फोटोत शेजारी त्याचा भाऊ उभा होता. तोंडवळा तोच. मी त्याचे डोळे काढले, कड मऊ केली, बसवले. माझ्या आयुष्यातली सगळ्यात स्वच्छ निवड. बाईंनी फ्रेम हातात घेतली, जरा लांब धरली आणि म्हणाल्या, "हे डोळं दिराचं हायेत. घरात दीर समोर बसतो, आन् आता भितीवरनं बी त्योच बघायचा व्हय?"

काका आतून बाहेर आले. त्यांनी बाईंना स्टूल दिलं आणि विचारलं, "मालक असंच बघायचं का, बारीक डोळं करून?" त्या म्हणाल्या, "व्हय, रानात समदं आयुष्य गेलं. ऊन लई." मग काकांनी मूळ फोटो घेतला, त्या बारीक फटीतलं जेवढं दिसत होतं तेवढंच निवडलं, किंचित उजळलं आणि सोडून दिलं. दहा मिनिटांचं काम. बाई फोटो पदराखाली धरून गेल्या. मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं? "तुम्ही विचारलं कुठं?" म्हणे. मला त्या दिवशी त्यांचा कप फोडावासा वाटला होता.

तर काकांचा फोटो. तो माझ्याकडेच निघाला. सराव म्हणून मी त्यांना खिडकीशी बसवून काढला होता आणि त्यांच्याच डोळ्यांवर निवड शिकले होते. सगळ्या प्रती त्यांनी नापास केलेल्या. मी रूथनं सांगितल्याप्रमाणे डावा डोळा निवडला, आरशातल्यासारखा उलटा केला, उजव्याच्या जागी बसवला. मग दिसलं, की चमक चुकलीय. खिडकी एकीकडे, आणि दोन डोळ्यांत दोन दिशांना दोन खिडक्या. तीही सुधारली. काम बिनचूक झालं. समोर एक अतिशय सभ्य गृहस्थ बसले होते, पतसंस्थेच्या अहवालातल्या संचालकासारखे. त्यांनी मला कधी "परत" म्हटलं नसतं…

मी दोन्ही छापले. एक सारख्या डोळ्यांचा. दुसऱ्यात फक्त शर्टावरची धूळ काढली. प्रार्थनेच्या आदल्या दिवशी रूथ स्टुडिओत आली, तिला आधी तो दुसराच दिसला. "ताई, मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस. म्हणून केलाय. हा घे."

तिनं तो बराच वेळ बघितला. "हे शाळेत आले असते तर कुणी हसलं नसतं," ती म्हणाली. मग तो काउंटरवर पालथा ठेवला आणि दुसरा पिशवीत घातला. "पप्पांनी तुम्हालाही बिघडवलंय," एवढं बोलून गेली. चर्चमध्ये पहिल्या बाकावरच्या एका आजींना वाटलं, योहान आपल्याला डोळा मारतोय. त्या प्रार्थनेभर पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. रडत होत्या की हसत होत्या, मी विचारलं नाही.

नवरीचा अल्बम अजून राहिलाय, तिच्या आईचे रोज फोन. काल तिचा डावा डोळा पूर्ण केला. रेघ जुळली, मागे टेकून बघितलं. खालची पापणी केसभर आत आली होती. कुणालाही दिसली नसती. कीबोर्डवरचं डी हे अक्षर काकांच्या बोटानं पार झिजून गेलंय, ती कळ आता कोरीच आहे. माझं बोट मात्र बरोबर तिथे जातं. दाबली, आणि परत सुरुवात केली.